संगणक प्रणालीकडून नेमके काय हवे? : कीड सर्वेक्षणाच्या उदाहरणातून कार्यात्मक गरजांचे वर्गीकरण

कपाशीच्या शेतात कृषी सहायक वीस हिरवी बोंडे तोडतो, ती फोडून पाहतो, त्यांपैकी किडलेली मोजतो आणि आकडा मोबाइलवर नोंदवतो. काही दिवसांनी त्याच भागातील शेतकऱ्यांना लघुसंदेश मिळतो. फवारणी करावी की अद्याप थांबावे, हे त्यात सांगितलेले असते. बोंड फोडण्यापासून संदेश वाचला जाईपर्यंतचा बराचसा प्रवास आज संगणक प्रणालीतून होतो. तो बिघडला, तर सल्ला उशिरा पोहोचतो किंवा चुकीचा पोहोचतो. दोन्ही प्रसंगी किंमत शेतकरी मोजतो.

असा बिघाड झाला की दोष सामान्यतः आज्ञावली लिहिणाऱ्या अभियंत्याला दिला जातो. प्रत्यक्षात अनेकदा असे आढळते, की प्रणालीने मागितलेलेच काम केलेले असते. मागणेच अपुरे किंवा संदिग्ध राहिलेले असते. अशा प्रणाली लिहिणारे अभियंते बहुधा पुणे, हैदराबाद किंवा दिल्लीलगतच्या नोएडासारख्या शहरांत काम करतात. विदर्भातील कपाशीच्या शेतापासून नोएडा सुमारे हजार किलोमीटर दूर आहे. तेथील अभियंत्याला डोमकळी म्हणजे काय, कामगंध सापळ्यातील ल्यूर जुना झाला तर काय होते, हे कोणी सांगितल्याशिवाय कळण्याचा मार्ग नाही. ते सांगण्याची जबाबदारी विस्तार कार्यकर्ते, तज्ज्ञ आणि प्रगतिशील शेतकरी यांची आहे. हे सांगणे पद्धतशीर व्हावे, यासाठी सॉफ्टवेअर अभियांत्रिकीत कार्यात्मक गरजांचे वर्गीकरण करण्याची रीत आहे. प्रस्तुत लेखात या रीतीचा परिचय कीड सर्वेक्षणाच्या उदाहरणातून करून दिला आहे.

क्रॉपसॅपची पार्श्वभूमी

सन २००८ च्या खरिपात महाराष्ट्रात, विशेषतः विदर्भात, सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा मोठा उद्रेक झाला. त्यात तंबाखूवरील पाने खाणारी अळी, म्हणजेच स्पोडोप्टेरा लिट्युरा, प्रमुख होती. कीड दिसू लागल्यापासून उपाय सुरू होईपर्यंत लागणारा वेळ कमी करणे आवश्यक आहे, हे या उद्रेकाने दाखवून दिले. त्यानंतर २००९-१० पासून राज्यात पिकांवरील कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प, अर्थात क्रॉपसॅप, सुरू झाला. राज्याचा कृषी विभाग, राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील चार कृषी विद्यापीठे, नवी दिल्लीचे राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्र आणि भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या अन्य संस्था त्यात सहभागी झाल्या.

प्रकल्पाची कार्यपद्धती थोडक्यात अशी आहे. निवडलेल्या गावांतील निश्चित शेतांत आणि काही अनिश्चित शेतांत ठरावीक दिवशी निरीक्षणे घेतली जातात. ती संगणक प्रणालीत भरली जातात. आर्थिक नुकसानीच्या पातळीशी तुलना करून प्रादुर्भावाची ठिकाणे निश्चित होतात. विद्यापीठांचे तज्ज्ञ त्यावर सल्ला तयार करतात आणि कृषी विभागाची यंत्रणा तो शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवते. केंद्र शासनाने १५ ऑगस्ट २०२४ रोजी राष्ट्रीय कीड निगराणी प्रणाली सुरू केली. तीत मोबाइलवरील छायाचित्राच्या आधारे कीड ओळखण्याची सोय आहे. प्रणाली कोणतीही असो, तिच्याकडून काय हवे हे स्पष्ट मांडण्याचा प्रश्न सारखाच राहतो. पुढील उदाहरणे या कामाच्या स्वरूपावरून घेतली आहेत. त्यांतील आकडे समजुतीसाठी आहेत.

कार्यात्मक गरज म्हणजे काय?

प्रणालीने जी कृती करणे अपेक्षित आहे, तिचे विधान म्हणजे कार्यात्मक गरज होय. ‘प्रणालीने निरीक्षणाची नोंद स्वीकारावी’, ‘पातळी ओलांडलेल्या गावांची यादी तयार करावी’ ही कार्यात्मक गरजांची विधाने आहेत. ती कृती कशा प्रकारे पार पडावी याबद्दलच्या अपेक्षेला गुणवत्तेची गरज म्हणतात. नोंद दहा सेकंदांत जतन व्हावी, भर उन्हात पडदा वाचता यावा, नेटवर्क नसतानाही काम थांबू नये, या गुणवत्तेच्या गरजा आहेत. तिसरा प्रकार मर्यादांचा असतो. ‘विभागाकडे आधीच असलेल्या सर्व्हरवरच प्रणाली चालावी’ ही मर्यादा आहे.

या तिन्हींच्या वर कामाचे उद्दिष्ट असते. ‘अनावश्यक फवारण्या कमी व्हाव्यात’ हे उद्दिष्ट आहे, गरज नव्हे. अभियंता ते थेट आज्ञावलीत उतरवू शकत नाही. त्या उद्दिष्टासाठी प्रणालीने कोणकोणत्या कृती कराव्यात, हे वाक्यावाक्याने लिहावे लागते. बैठकीत सर्वाधिक चर्चा उद्दिष्टांची होते आणि लेखी गरजा मोजक्याच उरतात, हा अनुभव नवा नाही.

गरजा कशा लिहाव्यात याविषयी आयएसओ/आयईसी/आयईईई २९१४८ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. ते २०११ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०१८ मध्ये सुधारले गेले. गरजेचे विधान एकाच गोष्टीविषयी असावे, त्याचा एकच अर्थ निघावा आणि ते पूर्ण झाले की नाही हे तपासता यावे, ही त्यातील काही प्रमुख तत्त्वे आहेत.

वर्गीकरण कशासाठी?

कपाशीवरील किडींचे रसशोषक आणि बोंडअळ्या असे वर्ग केले जातात, कारण प्रत्येक वर्गाची निरीक्षणपद्धती आणि उपाय वेगळे असतात. मावा-तुडतुडे पानावर मोजायचे, गुलाबी बोंडअळी बोंड फोडून शोधायची. गरजांचेही तसेच आहे. नियमाविषयीची गरज तज्ज्ञाने मंजूर करावी लागते, अधिकाराविषयीची गरज प्रशासनाने, तर कायद्याविषयीची गरज कोणाच्या मर्जीवर सोडता येत नाही.

वर्गीकरणाचा दुसरा लाभ अधिक महत्त्वाचा आहे. सर्व गरजा वर्गवार मांडल्या, की एखादा वर्ग रिकामा असल्याचे लगेच दिसते. रिकामा वर्ग बहुधा त्या कामाची गरज नसल्याचे दर्शवत नाही. त्याचा विचार राहून गेल्याचे दर्शवतो.

कार्यात्मक गरजांचे नऊ वर्ग

१. नोंदींचे व्यवहार. नोंद घेणे, ती दुरुस्त करणे आणि रद्द करणे या कृती या वर्गात येतात. पहिली कृती सर्वांच्या लक्षात राहते, उरलेल्या दोन विसरल्या जातात. २ ऐवजी २२ अळ्या नोंदल्या गेल्या, तर दुरुस्ती कोणी, किती वेळात आणि कशी करावी, हे आधी ठरलेले असावे.

या वर्गातील एक बारकावा विशेष महत्त्वाचा आहे. ‘कीड आढळली नाही’ आणि ‘निरीक्षण घेतले नाही’ या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीची नोंद शून्य, दुसरीची नोंद रिकामी. समजा, २० शेतांपैकी १२ शेतांत निरीक्षण झाले आणि त्यांतील सरासरी प्रादुर्भाव १२ टक्के आढळला. पावसामुळे ८ शेतांत जाता आले नाही. प्रणालीने त्या आठ रिकाम्या जागा शून्य मानल्या, तर सरासरी ७.२ टक्के दिसेल. दहा टक्क्यांची पातळी प्रत्यक्षात ओलांडली गेली असताना नकाशावर ते क्षेत्र सुरक्षित दिसेल. ‘प्रणालीने शून्य व अनुपलब्ध निरीक्षण स्वतंत्रपणे नोंदवावे आणि अनुपलब्ध निरीक्षण सरासरीत धरू नये’, एवढे एक वाक्य लिहिले असते तर ही चूक टळते.

कामगंध सापळ्याच्या नोंदीतही असेच घडते. ल्यूर उत्पादकाच्या शिफारशीनुसार, बहुधा दोन ते तीन आठवड्यांनी, बदलावा लागतो. जुन्या ल्यूरकडे पतंग कमी आकर्षित होतात. म्हणून पतंगांच्या संख्येबरोबर ल्यूर लावल्याची तारीख नोंदवली गेली नाही, तर ‘२ पतंग’ या आकड्याचा अर्थ लावता येत नाही.

२. कामकाजाचे नियम. नोंदींवरून निष्कर्ष काढण्याचे नियम या वर्गात येतात. कीड सर्वेक्षणात हा वर्ग सर्वांत संपन्न आणि सर्वांत जोखमीचा आहे. कपाशीतील मावा किंवा फुलकिडे प्रति पान १०, तुडतुडे प्रति पान २ ते ३, गुलाबी बोंडअळीचे पतंग प्रति सापळा प्रति रात्र ८ असे सलग तीन रात्री, अथवा १० टक्के प्रादुर्भावग्रस्त फुले किंवा हिरवी बोंडे, या पातळ्या विस्तार कार्यकर्त्यांच्या परिचयाच्या आहेत. त्या माणसाला सांगणे सोपे असते. यंत्राला सांगताना मात्र प्रत्येक शब्द तपासावा लागतो.

पहिला प्रश्न सीमेचा. नियम ‘१० टक्के किंवा अधिक’ असा आहे की ‘१० टक्क्यांपेक्षा जास्त’ असा? वीस बोंडांच्या नमुन्यात एक बोंड म्हणजे ५ टक्के. पहिल्या शब्दरचनेनुसार दोन किडक्या बोंडांवर इशारा निघेल, दुसऱ्या रचनेनुसार तिसरे किडके बोंड सापडेपर्यंत निघणार नाही. एका शब्दाने निर्णय काही दिवस पुढे जातो.

दुसरा प्रश्न सलग तीन रात्रींचा. सापळा आठवड्यातून एकदाच मोजला जात असेल, तर सलग तीन रात्रींचा आकडा प्रणालीला कळणारच नाही. समजा, सात रात्रींनंतर ४२ पतंग मिळाले. सरासरी प्रति रात्र ६ येते, म्हणजे पातळीच्या खाली. परंतु त्यांपैकी ३० पतंग शेवटच्या तीन रात्रींत आले असतील, तर त्या तीन रात्रींची सरासरी १० होते आणि पातळी ओलांडलेली असते. येथे नियमाचा वर्ग आणि नोंदीचा वर्ग एकमेकांशी जुळत नाहीत. एकतर नोंद दररोज घ्यावी लागेल, किंवा आठवड्याच्या एकूण संख्येसाठी तज्ज्ञांनी वेगळा निकष द्यावा लागेल. हा निर्णय कीटकशास्त्रज्ञाचा आहे. तो लिहून दिला नाही, तर अभियंता सोयीचा पर्याय म्हणून सात दिवसांची सरासरी वापरील आणि त्यात त्याची चूक म्हणता येणार नाही.

तिसरा प्रश्न एककाचा. पातळी शेताला लावायची, गावाला की तालुक्याला? पाच गावांतील प्रादुर्भाव २, ३, २, ४ आणि २४ टक्के असल्यास सरासरी ७ टक्के येते. तालुका पातळीखाली दिसतो आणि पाचवे गाव सल्ल्यावाचून राहते. म्हणून नियमाच्या विधानात एकक नोंदवणे अनिवार्य मानावे.

३. मूळ याद्या आणि त्यांची देखभाल. पिके, किडी, वाण, गावे आणि आर्थिक नुकसानीच्या पातळ्या यांच्या याद्या प्रणालीच्या मुळाशी असतात. त्या आज्ञावलीत कायमच्या लिहून ठेवायच्या की अधिकृत व्यक्तीला बदलता येतील अशा ठेवायच्या, हा या वर्गाचा विषय आहे.

मक्यावरील अमेरिकन लष्करी अळीचे उदाहरण येथे बोलके आहे. मे २०१८ मध्ये कर्नाटकातील शिवमोग्गा परिसरात ती आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातही तिची नोंद झाली. डोक्यावरील उलट्या इंग्रजी ‘वाय’ आकाराची खूण आणि शेवटून दुसऱ्या खंडावरील चौकोनात मांडलेले चार ठिपके ही तिची ओळख. किडींची यादी आज्ञावलीत बंदिस्त असलेल्या प्रणालीत अशी नवी कीड नोंदवायलाच जागा नसते. निरीक्षक ती ‘इतर’ म्हणून किंवा परिचित लष्करी अळी म्हणून नोंदवतो. नवी कीड वेगाने पसरत असताना, तिची वाटचाल समजून घेण्याचे पहिले आठवडे हातचे जातात.

यासाठी तीन गरजा लिहाव्या लागतात. तज्ज्ञाला यादीत नवी कीड त्याच दिवशी जोडता यावी. निरीक्षकाला ‘अनोळखी कीड’ अशी नोंद छायाचित्रासह करता यावी. आणि ओळख पटल्यावर आधीच्या अनोळखी नोंदी योग्य नावाखाली वर्ग करता याव्यात. तिसरी गरज सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. तिच्याअभावी उद्रेकाच्या आरंभीची सर्व माहिती विखुरलेली राहते.

४. ओळख आणि अधिकार. प्रणालीत कोणी प्रवेश करावा आणि प्रवेशानंतर काय पाहावे, काय बदलावे, हे या वर्गात येते. निरीक्षण भरणारा, ते मंजूर करणारा, सल्ला लिहिणारा आणि सल्ला पाठवणारा या चार भूमिका स्वतंत्र मानाव्यात. एकच व्यक्ती रजेच्या काळात दोन भूमिका पार पाडू शकते का, याचेही उत्तर लिहून ठेवावे. अन्यथा ऐन हंगामात मंजुरी अडकते, किंवा सोयीसाठी एकाच सांकेतिक शब्दावर सारे कार्यालय काम करू लागते.

५. बदलांचा मागोवा. कोणती नोंद कोणी, केव्हा, का बदलली आणि आधीचा आकडा काय होता, हे प्रणालीने जतन करावे. मागोवा ठेवला म्हणजे कर्मचाऱ्यावर अविश्वास दाखवला, असा गैरसमज काही ठिकाणी आढळतो. वस्तुतः सल्ला चुकला असा आक्षेप आल्यास, प्रामाणिकपणे निरीक्षण घेणाऱ्या कर्मचाऱ्याचा बचाव याच नोंदींमुळे होतो.

६. बाह्य प्रणालींशी जोडणी. हवामानाची माहिती, लघुसंदेश पाठवणारी सेवा, ई-पीक पाहणीतील पेऱ्याची माहिती अशा जोडण्या या वर्गात मोडतात. प्रत्येक जोडणीसाठी काय घ्यायचे, किती वेळाने घ्यायचे आणि समोरची प्रणाली बंद असल्यास काय करायचे, हे तीन मुद्दे लिहावेत. लघुसंदेश पाठवला जाणे आणि तो पोहोचणे यांत फरक आहे. न पोहोचलेल्या संदेशांची यादी प्रणालीने द्यावी की नाही, हे स्पष्ट मागितले नाही तर ती मिळत नाही.

७. अहवाल आणि सूचना. शासकीय प्रणालींच्या गरजांमध्ये हा वर्ग सहसा सर्वांत लांब असतो. प्रत्येक अहवालासाठी एकच प्रश्न विचारावा: तो वाचून कोण कोणता निर्णय घेणार आहे? उत्तर नसेल, तर तो अहवाल पुढच्या टप्प्यावर ठेवावा. शेतकऱ्याला जाणारी सूचनाही याच वर्गात येते. तिची भाषा, लांबी, पिकाच्या अवस्थेचा उल्लेख आणि सल्ल्याची मुदत या बाबी येथे ठरवाव्यात. सोमवारी दिलेला सल्ला पुढच्या सोमवारी लागू असेलच असे नाही.

८. जुन्या हंगामांची माहिती. मागील हंगामांशी तुलना केल्याशिवाय कीड वाढते आहे की घटते आहे, हे सांगता येत नाही. त्यासाठी किती वर्षांच्या नोंदी कोणत्या स्वरूपात उपलब्ध राहाव्यात, हे लिहावे. पातळी किंवा निरीक्षणपद्धती मध्येच बदलली असेल, तर त्या काळातील नोंदींबरोबर त्या वेळचा निकषही जतन व्हावा. नवी प्रणाली आली आणि जुन्या नोंदी जुन्या संगणकातच राहिल्या, असे होऊ नये. स्थलांतराची गरज पहिल्याच मसुद्यात असावी.

९. कायदेशीर बंधने. कीटकनाशकांची शिफारस कीटकनाशक कायदा, १९६८ आणि त्याखालील नोंदणीच्या चौकटीत असावी लागते. नोंदणी आणि बंदी यांची स्थिती बदलत राहते. २०२३ च्या केंद्रीय आदेशाने डायकोफॉल, डिनोकॅप आणि मेथोमिल यांवर बंदी आली. सल्ल्याचे जुने मसुदे प्रणालीत साठवलेले असतील, तर बंदी आलेले नाव त्यांतून पुन्हा शेतकऱ्यापर्यंत जाऊ शकते. म्हणून संदेश पाठवण्याच्या क्षणी प्रत्येक कीटकनाशकाचे नाव चालू यादीशी ताडून पाहणे, ही प्रणालीची गरज ठरते. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या वेळी झालेल्या विषबाधेत अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या पार्श्वभूमीवर संरक्षक साधने आणि कीटकनाशकांचे मिश्रण टाळणे यांविषयीची सूचना सल्ल्यातून वगळता येऊ नये, अशी गरज लिहिणे औचित्याचे आहे. याशिवाय शेतकऱ्यांचे भ्रमणध्वनी क्रमांक ही वैयक्तिक माहिती असल्याने डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ लक्षात घ्यावा लागतो.

गरज कोणत्या वर्गातील, हे कसे ओळखावे?

किडींच्या ओळखीसाठी जसा प्रश्नोत्तरांचा ओळखतक्ता वापरतात, तसा तक्ता येथेही उपयोगी पडतो. विधान हाती घेऊन पुढील प्रश्न क्रमाने विचारावेत.

- विधानात प्रणालीने करावयाची कृती आहे का? नसल्यास ते उद्दिष्ट, गुणवत्तेची गरज किंवा मर्यादा आहे. ते वेगळ्या यादीत घ्यावे.
- ती कृती कायद्याने किंवा शासकीय आदेशाने बंधनकारक आहे का? असल्यास वर्ग ९.
- ती दुसऱ्या प्रणालीशी देवाणघेवाण करण्याची आहे का? असल्यास वर्ग ६.
- कोणी काय करावे हे ती ठरवते का? वर्ग ४. कोणी काय केले हे ती जतन करते का? वर्ग ५.
- ती याद्या किंवा पातळ्या बदलण्याविषयी आहे का? वर्ग ३.
- ती नोंद घेणे, दुरुस्त करणे किंवा रद्द करणे याविषयी आहे का? वर्ग १.
- ती नोंदींवरून निष्कर्ष काढते का? वर्ग २.
- ती निष्कर्ष कोणाला कळवते का? वर्ग ७. पुढील काळासाठी राखते का? वर्ग ८.

एखादे विधान दोन वर्गांत बसत असेल, तर त्यात बहुधा दोन गरजा एकत्र आलेल्या असतात. ‘पातळी ओलांडल्यास प्रणालीने तज्ज्ञांना कळवावे’ या वाक्यात पातळी तपासण्याचा नियम आणि कळवण्याची सूचना, अशा दोन गरजा आहेत. त्या स्वतंत्र लिहिल्यास प्रत्येकीची चाचणी वेगळी घेता येते.

हाच साचा अन्य कामांसाठी

हे वर्ग कीड सर्वेक्षणापुरते मर्यादित नाहीत. नोएडाच्या सेक्टर ६२ मध्ये प्रगत संगणन विकास केंद्राचे, अर्थात सी-डॅकचे, केंद्र आहे. शासकीय रुग्णालयांच्या औषधपुरवठ्यासाठीची ‘ई-औषधी’ प्रणाली या नोएडा केंद्राने विकसित केली असून राजस्थान व महाराष्ट्रासह अनेक राज्यांत तिचा वापर झाला आहे. औषधांची मागणी, खरेदी, साठा, वाटप, बॅच क्रमांक आणि वापराची मुदत यांचा हिशेब ती ठेवते. मागणी व वाटप हे नोंदींचे व्यवहार, मुदत जवळ आलेला साठा आधी देणे हा कामकाजाचा नियम आणि औषधांची सूची ही मूळ यादी, अशी तिचीही फोड करता येते.

जैविक निविष्ठांच्या साठ्याला हाच विचार लावून पाहावा. ल्यूर, जिवाणू-विषाणूजन्य कीटकनाशके आणि ट्रायकोकार्ड या सर्वांना मुदत असते. त्यांतही ट्रायकोकार्डावरील अंड्यांतून परोपजीवी बाहेर पडण्यापूर्वी ते शेतात लागले पाहिजे, म्हणजे मुदत अवघ्या काही दिवसांची. औषधांच्या प्रणालीत महिन्यांनी मोजलेली मुदत येथे दिवसांनी मोजावी लागेल. वर्ग तोच राहतो, त्यातील मजकूर मात्र त्या कामाच्या जाणकारानेच लिहावा लागतो. म्हणूनच दुसऱ्या विभागाची तयार प्रणाली थोड्या बदलाने चालेल, असे गृहीत धरण्यापूर्वी नऊही वर्ग तपासून पाहावेत.

गरज कशी लिहावी?

कोणी, काय, केव्हा, कोणत्या अटीवर आणि तपासायचे कसे, या पाच प्रश्नांची उत्तरे विधानात असावीत. ‘प्रणालीने गुलाबी बोंडअळीचा वेळेवर इशारा द्यावा’ हे वाक्य ऐकायला योग्य वाटते. परंतु त्यावरून काहीही तपासता येत नाही. त्याऐवजी पुढीलप्रमाणे लिहावे:

‘एखाद्या गावातील कोणत्याही निरीक्षण-शेतात, एकाच दिवशी तपासलेल्या हिरव्या बोंडांपैकी १० टक्के किंवा अधिक बोंडांत गुलाबी बोंडअळीचा प्रादुर्भाव नोंदवला गेल्यास, प्रणालीने ते गाव इशारा-यादीत समाविष्ट करावे.’

‘गाव इशारा-यादीत आल्यापासून दोन तासांच्या आत प्रणालीने संबंधित उपविभागीय कृषी अधिकारी आणि विद्यापीठाचे नियुक्त तज्ज्ञ यांना गावाचे नाव, तपासलेली बोंडे व किडकी बोंडे कळवावीत.’

पहिले विधान वर्ग २ मधील आणि दुसरे वर्ग ७ मधील आहे. त्यांची चाचणी सोपी आहे. २० बोंडांपैकी २ किडकी भरल्यास इशारा निघावा. १ भरल्यास निघू नये. शून्य भरल्यास निघू नये. निरीक्षण रिकामे ठेवल्यास इशारा निघू नये, मात्र ते शेत ‘निरीक्षण बाकी’ असे दिसावे. ही चाचणी घेण्यासाठी संगणकशास्त्राच्या ज्ञानाची आवश्यकता नाही. प्रणाली स्वीकारण्यापूर्वी कोणताही कृषी सहायक ती अर्ध्या तासात घेऊ शकतो.

प्राधान्यक्रम

सर्व गरजा एकाच हंगामात पूर्ण होत नाहीत. डाय क्लेग यांनी १९९४ मध्ये मांडलेली चार गटांची पद्धत त्यासाठी प्रचलित आहे: असलीच पाहिजे, असायला हवी, असल्यास चांगली, आणि या वेळी नको. गट ठरवताना ‘ही गरज नसेल तर येत्या खरिपात शेतकऱ्याचे काय नुकसान होईल?’ हा प्रश्न विचारावा. शून्य आणि रिकामी नोंद वेगळी ठेवणे पहिल्या गटात जाईल. जिल्हानिहाय रंगीत आलेख तिसऱ्या गटात थांबू शकतो. चौथा गटही लेखी ठेवावा, म्हणजे तीच मागणी दर बैठकीत नव्याने चर्चेला येत नाही.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

नव्या किंवा सुधारित प्रणालीविषयी अभिप्राय मागवला गेल्यास पुढील क्रम अवलंबावा. मागील हंगामात नोंद किंवा सल्ला जेथे अडला, ते प्रसंग आठवून लिहावेत. प्रत्येक प्रसंगासमोर नऊपैकी वर्ग नोंदवावा. जे वर्ग रिकामे राहिले, त्यांविषयी सहकाऱ्यांना आणि निरीक्षण-शेताच्या मालकांना विचारावे. संदेश केव्हा मिळाला आणि त्यावरून काय केले, हे शेतकऱ्याइतके अचूक कोणी सांगू शकत नाही. त्यानंतर प्रत्येक प्रसंगाचे एक तपासता येण्याजोगे विधान तयार करावे.

हे काम खरीप सुरू होण्यापूर्वी, एप्रिल-मे महिन्यांत करणे इष्ट होय. बोंडे लागल्यानंतर नियमात बदल करणे शक्य असते. परंतु तोपर्यंत घेतलेल्या नोंदी जुन्या नियमानुसार तपासल्या गेलेल्या असतात आणि त्यांवर आधारलेली फवारणी झालेली असते.